मुलांचे घर कोणाच्या अंगणात?

मराठीने परभाषेतील पुष्कळ विशेषनामांची सामान्यनामे करून टाकली आहेत. ‘माँटेसरी’ हे त्यांपैकी एक. “धाकटीला यंदा माँटेसरीत घातली,” असे सांगणाऱ्या आजीला हे एका इटालियन डॉक्टर बाईंचे आडनाव आहे याची आठवण असण्याचे कारण नाही आणि ती नसल्याने काही बिघडतही नाही. बिघडते ते निराळ्या ठिकाणी. हे नाव कोणाच्याही मालकीचे नाही. त्यामुळे ज्याला जागा भाड्याने मिळाली आणि भिंतीवर ससा व फुलपाखरू काढून घेण्याइतके भांडवल हाताशी आहे, त्याला ते खुशाल पाटीवर रंगवून घेता येते. अलीकडे या पाटीखाली आणखी एक ओळ दिसू लागली आहे : ‘घरासारखे वातावरण’. पुण्या-मुंबईची वस्ती लोहमार्गाच्या कडेने जसजशी पसरत गेली, तसतशी ही ओळही तिच्याबरोबर पुढे सरकली. ती वाचली की एक साधा प्रश्न मनात येतो. घरासारखे म्हणजे कोणाच्या घरासारखे?

मळवलीसारख्या गावी हा प्रश्न जितका बोचतो तितका तो पुण्याच्या पेठांत बोचणार नाही. पुणे-लोणावळा लोकलच्या मार्गावर कामशेत सोडले की हे लहानसे स्थानक लागते. एका अंगाला द्रुतगती मार्ग ओलांडून भाजे गाव, त्यावरची दोन हजार वर्षांहून जुनी लेणी आणि त्यांच्या पाठीशी विसापूर व लोहगड. दुसऱ्या अंगाला इंद्रायणीपलीकडे कार्ल्याची लेणी आणि एकवीरेचे देऊळ. लोहगडाचा २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. त्यापूर्वीही पावसाळ्यातील शनिवार-रविवारी येथे पाय ठेवायला जागा नसे. मूळचा मुलूख भाताचा. ज्या तांदळाला आज महाराष्ट्रभर मागणी आहे ते ‘इंद्रायणी’ वाण याच तालुक्यातील वडगावच्या भात संशोधन केंद्राने दिले. पण खाचरांच्या जागी कुंपणे आली, कुंपणांच्या आत बंगले आले, आणि आवणीला जाणाऱ्या बायकांपैकी कित्येकींना त्या बंगल्यांत आणि पर्यटकांच्या निवासांत केरवारा, स्वयंपाक आणि धुण्याभांड्याची कामे मिळाली. एकाच शिवारात आता दोन प्रकारची मुले वाढत आहेत. एकाचे आईवडील शहरातील दगदगीला कंटाळून, मुलाला मोकळी हवा मिळावी म्हणून येथे राहावयास आलेले. दुसऱ्याची आई त्यांच्याच घरची भांडी घासते. पहिल्या मुलासाठी ‘घरासारखी’ माँटेसरी, दुसऱ्यासाठी सरकारी अंगणवाडी, अशी विभागणी इतकी सहज होऊन गेली आहे की, तीत काही उलटे घडले आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

उलटे कसे, ते पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील सान लोरेन्झो या भागात उघडले. हा भाग मजुरांचा आणि दारिद्र्याचा. एका घरबांधणी संस्थेने तेथील मोडकळीस आलेल्या चाळी दुरुस्त करून कष्टकरी कुटुंबांना भाड्याने दिल्या. आईबाप दिवसभर कामावर जात, मोठी भावंडे शाळेत जात आणि मागे उरलेली तीन ते सहा वर्षांची पोरे जिन्यात धुडगूस घालून नुकत्याच रंगविलेल्या भिंती खराब करीत. भिंतींचा खर्च वाचावा म्हणून संस्थेने एक खोली दिली आणि पन्नासएक मुलांना सांभाळण्याचे काम डॉक्टर बाईंकडे आले. जगाच्या शिक्षणविचाराला वळण देणाऱ्या एका प्रयोगाचा जन्म मालकाच्या चुन्या-रंगाच्या काळजीतून व्हावा, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा. मुलांवर देखरेख करण्यास नेमलेली पहिली स्त्री शिक्षणशास्त्रात प्रवीण नव्हती आणि माँटेसरींना त्याचे सोयरसुतकही नव्हते.

या खोलीला त्यांनी शाळा म्हटले नाही. ‘मुलांचे घर’ असे तिचे नाव ठेवले आणि ते शब्दशः खरे केले. खुर्च्या व मेजे मुलांना स्वतः उचलता येतील इतकी हलकी, हात धुण्याची जागा त्यांच्या उंचीची, कपाटे त्यांचा हात पोचेल अशी. घरातील कामे हाच पहिला अभ्यास : पाणी न सांडता ओतणे, गुंड्या लावणे, केर काढणे, जेवण वाढणे. नाक कसे पुसावे हे एके दिवशी माँटेसरींनी मुलांना शांतपणे करून दाखविले तेव्हा मुलांनी टाळ्या वाजविल्या, अशी हकीकत त्यांनीच नमूद केली आहे. नाकावरून बोलणी खाणाऱ्या त्या पोरांना नाक स्वच्छ करण्याची कला त्यापूर्वी कोणी शिकविलीच नव्हती. देखरेख करणारी बाई त्याच इमारतीत राहावी, आईने आठवड्यातून एकदा तरी तिच्याशी मुलाविषयी बोलावे, मूल स्वच्छ करून पाठवावे, असे नियम होते. फी नव्हती.

आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे आपल्याकडील माँटेसरीचे अभिमानी सहसा वळत नाहीत. १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात हिवाळ्यातील दिवसाचे एक वेळापत्रक दिले आहे. ते सकाळी नऊला सुरू होते आणि दुपारी चारला संपते. मध्ये स्वच्छता, जेवण, खेळ, गाणी, झाडांची व प्राण्यांची निगा, सारे आले. हे घर पूर्ण दिवसाचे होते, कारण ते कामावर गेलेल्या आईसाठी होते. आईच्या कर्तव्याचा एक भाग समाजाने उचलावा, श्रीमंत घरी दाई ठेवून जे साधते ते गरीब वस्तीने एकत्र येऊन साधावे, हा त्यामागील विचार. तेव्हा घरासारखे वातावरण म्हणजे गुलाबी पडदे आणि मऊ गालिचे असा अर्थ त्यात कोठेही नव्हता. आई कामावर असताना मुलाला घर असावे, एवढाच तो अर्थ होता.

आपल्याकडे हा विचार आला तो प्रथम गुजरातेतून. गिजुभाई बधेका या वकिलाने वकिली सोडून १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्तीचे बालमंदिर काढले. तेथे त्यांना येऊन मिळाल्या त्या ताराबाई मोडक. दोघांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे ताराबाई मुंबईस आल्या आणि १९३६ साली दादरला शिशुविहार उभे राहिले. येथपर्यंतची कथा मध्यमवर्गाची आहे आणि ती आदरणीय आहे. मराठी सुशिक्षित घरांतून छडी हद्दपार व्हायला या मंडळींच्या लेखनाने फार मदत केली. मात्र ताराबाईंचे मोठेपण त्यानंतर सुरू होते. वयाची पन्नाशी उलटल्यावर, १९४५ साली, त्या दादर सोडून ठाणे जिल्ह्याच्या टोकाला बोर्डीस गेल्या. बालशिक्षण शहरी, सुखवस्तू मुलांपुरते राहिले तर त्याला अर्थ नाही, ही टोचणी त्यांना लागली होती. तेथेच अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवयात लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, नंतर जिद्दीने शिक्षण आणि नोकरी, असा त्यांचा प्रवास. या दोघींनी १९५७ साली आपले काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मधोमध नेले. आता हा भाग पालघर जिल्ह्यात मोडतो.

कोसबाडला काय झाले ते मळवलीच्या संदर्भात नीट पाहण्यासारखे आहे. माँटेसरींची साधने महाग. गुळगुळीत लाकडी ठोकळे, दट्ट्या, घंटा, रंगांच्या पट्ट्या, हे सारे तंतोतंत मापाचे आणि परदेशी बनावटीचे. पाड्यावरच्या बालवाडीला ते परवडणे अशक्य होते. ताराबाई-अनुताईंनी विचारले की, या साधनांतून मुलाला मिळते काय? लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-मऊ यांचा भेद बोटांना कळतो, मोजणे कळते, हात आणि डोळा एकमेकांची सोबत करू लागतात. मग शिंपले, चिंचोके, खडे, पाने, माती, बांबूची नळी यांनी ते का होऊ नये? झाले, आणि चांगले झाले. दुसरी अडचण याहून मोठी होती. मुले येतच ना. तेव्हा बालवाडीच उठून मुलांकडे गेली. पाड्यातील एखाद्या झोपडीसमोरच्या अंगणात ती भरू लागली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द रूढ झाला. मुलांना तेथेच न्हाऊमाखू घालावयाचे, केस विंचरायचे, मग खेळ आणि गाणी. गुरे राखणाऱ्या थोरल्या मुलांसाठी कुरणावरच शाळा नेली, तिला नाव ‘कुरणशाळा’. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसणाऱ्या मुलींसाठी शाळेला पाळणाघर जोडले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणणारी ‘विकासवाडी’ ही सारी या अडचणींतून उगवलेली व्यवस्था आहे. अनुताईंचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे पुस्तक अध्यापक विद्यालयांतून नेमले जावो वा न जावो, शिक्षकाने एकदा तरी वाचावे अशा योग्यतेचे आहे.

योगायोग असा की, ताराबाई बोर्डीला गेल्या तेव्हा खुद्द माँटेसरी भारतातच होत्या. १९३९ साली थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या मद्रासजवळ अड्यारला आल्या आणि १९४० साली इटली युद्धात उतरताच शत्रुराष्ट्राच्या नागरिक म्हणून अडकून पडल्या. त्यांच्या मुलाला, मारिओला, तर आपल्या अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध केले होते. आईच्या सत्तराव्या वाढदिवशी सरकारने त्याला सोडले. अड्यार आणि कोडईकनाल येथील त्या वर्षांत त्यांनी शेकडो भारतीय शिक्षकांना शिकविले. तान्ह्या मुलांच्या मनाविषयीचे त्यांचे ख्यातनाम पुस्तकही भारतातील व्याख्यानांतून तयार झाले व १९४९ साली अड्यारहूनच प्रथम निघाले. माँटेसरी विचार भारताला परका आहे असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. त्यात आपल्या मातीचाही थोडा अंश मिसळलेला आहे.

आता आजच्या मळवलीकडे परत येऊ. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रायोगिक प्रकल्पांनी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. महाराष्ट्रातील पहिला प्रकल्प मेळघाटात, धारणीला. केंद्राला नाव मिळाले अंगणवाडी. म्हणजे शब्द कोसबाडचा आणि छत्र दिल्लीचे. आज महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. कुपोषण, लसीकरण, गरोदर मातांची नोंद या बाबतींत या योजनेने केलेले काम नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु योजनेच्या सहा सेवांपैकी पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक सेवा कायम मागच्या बाकावर बसली. सेविकेने वजने घ्यावयाची, आहार वाटावयाचा, घरोघरी भेटी द्यावयाच्या, सर्वेक्षणे करावयाची, नोंदवह्या भरावयाच्या. २०२१ पासून त्याच नोंदी भ्रमणध्वनीवरील ‘पोषण ट्रॅकर’मध्येही चढवायच्या. यातून उरलेला वेळ मुलांचा. ज्या अंगणात मुलाला न्हाऊ घालून त्याचे केस विंचरीत त्याच्याशी बोलणारी बाई होती, त्या अंगणाचे नाव घेऊन आपण तेथे एक कारकून बसविला. वर त्या कारकुनाला पगारही दिला नाही. दिले ते ‘मानधन’. सेविका व मदतनीस उपदान कायद्याच्या कक्षेत येतात हे सांगण्यासाठी एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सेविकांनी बेमुदत संप पुकारून अंगणवाड्यांना टाळे लावले, तेव्हा कोठे सुशिक्षितांना या बायकांची आठवण झाली.

दुसरीकडे पाटीवरील माँटेसरी. तिच्या खोलीत एक देखणे दृश्य दिसते. चार वर्षांचे मूल छोट्याशा चमच्याने मूग आणि चवळी वेगळी करीत आहे, छोट्या तांब्यातून पेल्यात पाणी ओतीत आहे, छोट्या केरसुणीने केर काढीत आहे. हे चांगलेच आहे. ज्या घरात डाळ निवडलेली येते आणि केर दुसरी बाई काढते, त्या घरातील मुलाच्या हातांना हे काम कोठे तरी मिळायलाच हवे. पण ती दुसरी बाई जेथे राहते त्या घरात तांदूळ आजही सुपात निवडले जातात, भाताची रास कशी पाखडायची ते मूल ओटीवर बसून पाहते, कोंबड्या खुराड्यात घालते, घागरीतून तांब्याने पाणी काढताना पाऊण सांडते आणि पाव वाचविते. माँटेसरींनी जे खोलीत मांडले ते येथे उघड्यावर पसरलेले आहे. आणि हे मूल शाळेच्या नावाखाली कोठे जाते? परवडेल तेवढी फी भरून, वा न परवडणारीही भरून, एखाद्या कोंदट गाळ्यात बसून ‘ए फॉर ॲपल’ घोकायला. बंगल्यातील मूल डाळ निवडावयास शिकते आणि डाळ निवडणारीचे मूल इंग्रजी अक्षरे गिरवते. उलटे घडले आहे म्हणतो ते हे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. गरिबाच्या घरातील कामे म्हणजे काही खेळ नव्हे. आठ वर्षांच्या पोरीच्या कडेवरील मूल हा तिच्या शिक्षणाचा अंत असतो. मावळातील कातकरी कुटुंबे हंगामात वीटभट्ट्यांवर जातात तेव्हा मुलांचे काय होते, हे ज्याने पाहिले आहे तो ओटीवरील सुपाचे गोडवे गाणार नाही. मान्य. म्हणूनच तर घराबाहेर घर हवे. घरातील कष्ट मुलावर लादावेत असे कोणी म्हणत नाही. घरात त्याच्या हातांना आणि जिभेला जे आधीच येते, त्यावर बालवाडीने पाय रोवावा, एवढेच म्हणणे आहे. कातकरी मुलाची घरची बोली निराळी आहे. मावळी मुलाची मराठीही पाठ्यपुस्तकातील मराठीहून वेगळी आहे. तिसऱ्या वर्षी त्याच्या तोंडातील शब्द चुकीचे ठरविले की ते मूल गप्प बसावयास शिकते, आणि हा पहिला धडा ते फार चांगला लक्षात ठेवते.

लेखनाचीही गोष्ट अशीच. रोमच्या मुलांनी चार-पाच वर्षांच्या वयात आपणहून लिहावयास सुरुवात केली ही हकीकत सांगून, आपल्याकडे तिसऱ्या वर्षीच पेन्सिल हाती देण्याचे समर्थन केले जाते. त्या मुलांच्या हाती पेन्सिल येण्याआधी काय काय झाले ते मात्र सांगितले जात नाही. खरकागदाची अक्षरे त्यांनी कित्येक दिवस बोटांनी चाचपली होती, आकृत्यांच्या कडेने रेघा ओढून बोटे तयार केली होती, प्रत्येक अक्षराचा ध्वनी कानांना ओळखीचा करून घेतला होता. शिवाय ती भाषा इटालियन. बोलावी तशीच बहुतांशी लिहिली जाणारी. या एका गुणात आपली मराठी त्या भाषेची सख्खी बहीण शोभेल. ‘क’चा उच्चार ‘क’ आणि ‘म’चा ‘म’. माँटेसरी पद्धतीने अक्षरओळख करून द्यावयाची तर मराठीइतके सोयीचे वाहन विरळा. पण त्या पद्धतीचे नाव लावणाऱ्या बहुतेक पाट्यांखाली शिकविली जाते ती इंग्रजी, जिच्यात अक्षर एक आणि ध्वनी दहा. पद्धत घ्यावयाची आणि तिचा पायाच काढून टाकावयाचा, याला काय म्हणावे?

हे सारे आज लिहिण्याचे कारण निराळेच आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वर्षे एकत्र बांधून त्यांना पायाभूत टप्पा म्हटले आहे. म्हणजे अंगणवाडीची तीन वर्षे आता शिक्षणव्यवस्थेचा भाग ठरली. बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचे आणि त्याहून कमी शिकलेल्यांना वर्षाचे प्रशिक्षण द्यावे, असेही धोरणात म्हटले आहे. घटनेच्या पंचेचाळिसाव्या कलमात २००२च्या दुरुस्तीने सहा वर्षांखालील मुलांचे संगोपन व शिक्षण हे राज्याचे उद्दिष्ट म्हणून घातलेच होते, पण हक्क मिळाला तो सहा ते चौदा वयाला. त्याखालच्या मुलांना सदिच्छा मिळाली. आता व्यवस्थेत जागा मिळते आहे याचे स्वागत करावे, हे उघड आहे. परंतु आमच्या मनात एक भीती आहे. व्यवस्थेचा स्वभाव असा की, ती वरून खाली उतरते. पहिलीच्या वर्गातील पाटी-पुस्तक, चाचणी आणि प्रगतिपत्रक तीन वर्षांच्या मुलापर्यंत खाली सरकणे सोपे आहे. अंगणवाडीतील मोकळेपणा वर पहिलीत चढणे अवघड. १९९६ साली महाराष्ट्राला पूर्वप्राथमिक केंद्रांतील प्रवेशांचे नियमन करणारा कायदा करावा लागला आणि २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलांची व पालकांची चाळणी लावण्यास मनाई केली. कायद्याने मुलाखतीची खुर्ची हलविता येते, पालकाच्या मनातील घाई हलविता येत नाही. ती घाई आता गावोगाव पोचली आहे आणि तिला सरकारी अभ्यासक्रमाचा आधार मिळाला तर सेविकेवर पहिला दबाव येईल तो गावकऱ्यांचाच : “नुसती गाणीच म्हणता, लिहावयास कधी शिकविणार?” शिक्षक मंडळींना हा प्रश्न नवा नाही. त्याचे उत्तर देण्याचे धाडस जेथे पदवीधर शिक्षकालाही होत नाही, तेथे मानधनावरील एकट्या बाईने ते कोणाच्या जोरावर द्यावे?

तेव्हा मळवलीसारख्या ठिकाणी प्रथम काय व्हावे? आमच्या मते नव्या साधनांच्या खरेदीने आरंभ करू नये. खेळण्यांचे खोके तालुक्याहून येते, नग मोजून पावती होते आणि मोडले तर भरपाई द्यावी लागेल या धास्तीने ते कपाटातच राहते. सान लोरेन्झोच्या त्या खोलीतही सुरुवातीला साधने कपाटात बंद असत. एके दिवशी बाईंच्या हातून कपाट उघडे राहिले, मुलांनी आपापली साधने काढून घेतली आणि त्या दिवसापासून मुलाला स्वतः निवड करता येते हे माँटेसरींना उमगले. आपल्या कपाटांनाही थोडी विसर पडलेली कुलुपे हवी आहेत. मोडतोडीची वसुली सेविकेकडून होणार नाही असे एक लेखी पत्रक काढले, तरी पुष्कळ काम होईल.

मूळ गरज आहे ती माणसाची आणि वेळेची. एक सेविका आणि एक मदतनीस यांच्या जोडीला एक तिसरी स्त्री दिली, जिच्याकडे मुलांखेरीज दुसरे काहीही नसेल, तर अंगणवाडीचे रूप पालटेल. ती गावातलीच असावी, मुलाच्या बोलीत बोलणारी असावी, आणि पाळणाघराच्या हिशेबाने सायंकाळपर्यंत तेथे असावी. बंगल्यांत कामाला जाणारी आई दुपारी एकला परतत नाही. मग त्या वेळी सुटणारी अंगणवाडी तिच्या काय उपयोगाची? गल्लीतील गाळ्याकडे ती वळते यामागे इंग्रजीचे आकर्षण असेल, पण मूल जास्त वेळ सांभाळले जाते हेही कारण काही थोडे नाही. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत २०२२ पासून अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. ही तरतूद तालुक्याच्या कार्यालयातून गावापर्यंत आणण्यासाठी मागणी करावी लागते, आणि ती करणारे कोणी असावे लागते.

मावळाच्या बाबतीत पैशांची सबब तितकीशी टिकत नाही. बंगले आणि पर्यटकांची निवासस्थाने यांमुळे या पट्ट्यातील ग्रामपंचायतींच्या घरपट्टीत भर पडली आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावेत असा दंडक आहे. हा निधी शिलाई यंत्रांचे वाटप आणि सत्कारांच्या शाली यांत कसा विरतो हे आपण जाणतो. त्यातून तिसऱ्या स्त्रीचा पगार, मुलांच्या उंचीची दोन हात धुण्याची कुंडे आणि पावसाळ्यात अंगण वापरता यावे म्हणून पत्र्याची एक पडवी, एवढे निघू शकते. पडवीचे महत्त्व बाहेरच्याला कळणार नाही. पण जेथे जून ते सप्टेंबर आकाश फाटल्यासारखे कोसळते तेथे उघड्या अंगणातील वाडी चार महिने चार भिंतींत कोंबलेली असते. २ ऑक्टोबरला गावोगाव ग्रामसभा भरते. बंगल्यांत राहावयास आलेल्या मंडळींची नावे गावच्या मतदार यादीत असतील तर त्यांनाही त्या सभेत बसण्याचा अधिकार आहे. त्यांनी आणि त्यांच्या घरी काम करणाऱ्या बायकांनी त्या दिवशी एकाच सतरंजीवर बसून या निधीचा हिशेब मागावयास हरकत नाही.